हात सोडल्याबद्दल गोटी

१

कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागे 'कबुतरवाल्या बाई' म्हणत. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोक एरवी जे काय म्हणतात, त्या मानानं हे बरंच होतं.

विभागाच्या मागे एक लांबोडकी खोली होती. भिंतीला लागून पिंजरे, धान्याचा कोंदट वास, आणि मधोमध काच लावलेली एक पेटी. पेटीत एका वेळी एक कबुतर. बाहेर स्टुलावर बाई, हातात बटण. बटण दाबलं की खटका वाजायचा आणि आतल्या वाटीत दाणे पडायचे.

"याला गिरकी घ्यायला शिकवायचंय," बाई दर वर्षी नव्या वर्गाला म्हणायच्या. "सांगून उपयोग नाही. तेही तुमच्यासारखंच आहे, लेक्चर ऐकत नाही. मग काय करायचं? नुसतं बघत बसायचं. मान डावीकडे एवढीशी हलली, की दे खटका. पुढच्या वेळी तेवढ्यावर भागवायचं नाही. आणखी वळली तरच खटका. मग पाऊल उचललं तरच. आस्ते आस्ते."

आणि बघता बघता कबुतर पूर्ण गिरकी घ्यायला लागायचं. नंतर तर दाण्याचीही गरज उरायची नाही. खटका ऐकला तरी स्वारी खूश असायची.

"पण बाई, त्याला कधी वाटत असेल का, की आपल्याला बाहेरून कुणीतरी फिरवतंय?" एका पोरीनं एकदा विचारलं होतं.

"त्याला काय वाटतं ते आपण विचारायचंच नाही. मन कुणी बघितलंय? वागणं दिसतं, तेवढं बघायचं."

हे बाईंचं ठरलेलं उत्तर होतं. त्यांची अख्खी नोकरी त्या एका उत्तरावर उभी होती.

२

घरी मात्र बाईंचं कबुतर ऐकायला तयार नव्हतं.

मुलीचं नाव घरात कुणी घेतच नसे. खाऊ गालात साठवून ठेवायची सवय, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. नवरा बोटीवर इंजिनिअर. तो या खेपेला गेला, आणि पाठोपाठ बाईंनी घर बदललं. नणंद, म्हणजे खारूची आत्या, ज्या इमारतीत खाली राहायची तिथेच वरच्या मजल्यावर जागा मिळाली, तर सोडायची कशाला? पण त्या दिवसापासून खारूनं जी आईची दोन बोटं धरली, ती सोडायलाच तयार नाही. जेवताना तेच, झोपताना तेच. बाई आंघोळीला गेल्या की ही बाहेर बसून दाराखालच्या फटीतून बोटं आत घालायची.

बाईंनी मग आपली विद्या कामाला लावली. स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेची मोठी बरणी ठेवली आणि काचेच्या गोट्या आणल्या. "सोड बघू," असं म्हटलं, की खारूनं हात सोडायचा. सोडला की बरणीत एक गोटी. टण्! आधी नुसता हात सोडल्याबद्दल. मग पलीकडच्या खुर्चीवर बसल्याबद्दल. मग मागच्या खोलीत एकटीनं खेळल्याबद्दल. पोरगी पहिल्यांदा ओठ काढायची, डोळे भरायचे, पण 'टण्' ऐकलं की डोळ्यातलं पाणी तिथंच थांबायचं. बाईंना तिचं कौतुक वाटायचं आणि स्वतःचं जरा जास्तच.

मागच्या खोलीत सामान फारसं नव्हतं. खारूची खेळणी, एक गादी आणि भिंतीतलं जुनं लाकडी कपाट. आधीच्या भाडेकरूंनी ते रिकामं सोडलेलं. त्याचं दार फुगलं होतं, काही केल्या नीट लागायचं नाही.

एका दुपारी खारू आत खेळत होती आणि बाई भांडी घासत होत्या. बराच वेळ आवाज नाही म्हणून त्यांनी हात पुसले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, राहू दे, छान खेळतेय, कशाला उगाच. आणि परत मोरीकडे वळल्या.

टण्.

बाईंनी बरणीकडे पाहिलं. स्वयंपाकघरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. गोटीवर गोटी तोललेली असेल, ती घरंगळली असेल. घरात वस्तू हलतात, लाकूड आवाज करतं, नळ कुरकुरतात. बाईंनी पुढचं भांडं घेतलं. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही, पण ते भांडं घासताना त्या गुणगुणत होत्या.

३

दुसऱ्या वेळी त्या पेपर तपासत होत्या. खारू दिसावी म्हणून मधल्या बोळात खुर्ची टाकली होती. उजेड डोळ्यावर यायला लागला, तशी त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. आता खोलीचा निम्माच भाग दिसत होता.

टण्.

"आई," आतून खारूनं विचारलं, "ही गोटी कुणाला?"

"तुलाच की. दुसरं कोण आहे घरात?"

बाईंनी वाकून पाहिलं. खारू खेळणी सोडून उभी होती आणि कपाटाकडे बघत होती. कपाटाकडे काय बघतेस, असं कुठल्याही आईनं विचारलं असतं. बाईंनी ती कुठे उभी आहे हे नीट पाहून घेतलं आणि पुढचा पेपर उघडला.

त्यानंतर त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. गोटी वाजायची तेव्हा खारू कपाटाकडे तोंड करून असायची. पुढे पुढे ती त्याच्या जवळ उभी असायला लागली. मग त्याच्याकडे एक पाऊल टाकताना दिसली. ही चाल बाई झोपेतही ओळखू शकल्या असत्या. आधी मान, मग तोंड, मग पाऊल. पोरीला कुणीतरी शिकवत होतं. काय शिकवायचंय ते शेवटची पायरी आल्याशिवाय बाहेरच्या माणसाला कळत नाही. कबुतरालाही ते कधी कळत नाही.

हे असलं काही मनात येतंय याचीच बाईंना लाज वाटली. शिकवतंय म्हणजे कोण शिकवतंय? त्यांनी बरणी खाली घेतली, हलवून पाहिली, फळीला हात लावून पाहिला. वारा होता का? नव्हता. खालून जड गाडी गेली होती का? गेली असेल. माणसाचा मेंदू दोन आवाजांची मोट बांधतो आणि त्याला अर्थ चिकटवतो, हे त्यांनी किती जणांना समजावलं होतं. तेच त्यांनी स्वतःला समजावलं, अगदी उदाहरणासकट.

मग त्या चहाला खाली ताईंकडे गेल्या आणि सगळं ओकून मोकळ्या झाल्या.

ताई म्हणजे नणंद. रिटायर्ड नर्स, बोलायला फटकळ. "अगं वहिनी, मुलगी आहे ती, कबुतर नव्हे," त्या म्हणाल्या. "तिला विचारलंस का, कपाटाशी काय करतेस म्हणून?"

"ताई, पाच वर्षांचं पोर. विचारलं तर काहीही रचून सांगेल. मी बघते ना, ती काय करते ते."

"बघ बाई. तू तिच्याकडे बघत बसतेस आणि ती तुझी वाट बघत बसते. चांगलंय तुमचं." ताईंनी बशी पुढे सरकवली. "परवा मला म्हणत होती, आता वाजतात त्या गोट्या माझ्या नाहीत म्हणून."

"मग कुणाच्या?"

"ते मी कशाला विचारू? विचारायचं नसतं ना तुमच्यात!"

बाई हसल्या. ताईंच्या बोलण्याचं त्या मनाला लावून घेत नसत. त्या दिवशीही नाही घेतलं, आणि हेच चुकलं.

४

बरणीच घरातून काढून टाकायची, असं त्यांनी ठरवलं. बक्षीस थांबलं की वागणं थांबतं. कबुतर दोन दिवस चिडचिड करतं, पेटीच्या भिंतींना चोची मारतं आणि मग विसरतं. बाईंनी गोट्या पिशवीत ओतल्या, बरणीत फडकं कोंबलं आणि खारूला म्हणाल्या, "मी खाली आत्याकडे जाऊन येते. बसशील ना?"

"मी पण येते," खारू म्हणाली. तिनं बऱ्याच दिवसांनी आईची दोन बोटं धरली.

"आता आलेच की. सोड बघू."

खारूनं सोडली.

बाई जिन्याच्या मधल्या वळणावर होत्या तेव्हा तो आवाज झाला. स्वच्छ, काचेवर काच पडल्याचा. बरणी त्यांच्या काखेत होती, फडकं कोंबलेली, आणि गोट्यांची पिशवी हातात. आवाज वरून आला होता. पण त्यांच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. दार ओढून घेताना जिवाला जी रुखरुख लागली होती, ती या आवाजासरशी थांबली होती.

त्या धावत वर आल्या. खारू कपाटासमोर होती आणि तिचा हात कपाटाच्या मुठीवर होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कॉलेजात रजा टाकली. आता नुसतं बघायचं नाही. पोरीला क्षणभरही सोडायचं नाही. दिवसभर त्यांनी खारूचा हात हातात धरून ठेवला. एका हातानं भाजी चिरता येत नाही, म्हणून दोघींनी पाव खाल्ला. खारूला आधी गंमत वाटली. मग ती आईच्या दंडावर गाल टेकून बसली आणि तशीच बसून राहिली. घरात कुठेही काही वाजलं नाही.

या शांततेनं बाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण दुपार चढत गेली तसा त्यांचा जीव कासावीस व्हायला लागला. कान उगाच ताणले जायचे. काहीतरी करायचं राहून गेलंय, कुणीतरी आपल्यावर रुसलंय, असं काहीबाही. घड्याळाची टिकटिक नको झाली. खारूनं गोष्ट सांग म्हटलं, तर त्या वस्सकन अंगावर आल्या. पोरगी हिरमुसली.

"आई, तुला गोटी पाहिजे का?" तिनं हळूच विचारलं.

"गप्प बस. काहीतरी बडबडू नकोस."

मग त्या पाणी प्यायला उठल्या आणि उठताना खारूचा हात सुटला. एवढंच झालं.

टण्.

बाईंना हलकं वाटलं. इतकं हलकं, की मघाशी आपण कशावरून चिडलो होतो तेही आठवेना. त्या शांतपणे पाणी प्यायल्या. खारू सोफ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पाच वर्षांच्या पोराला न शोभणारा समजूतदारपणा होता.

५

रजा अजून संपली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाई सहज कॉलेजात गेल्या. कबुतरांकडे जरा बघून येऊ, एवढंच. मन कसं प्रसन्न होतं.

खोलीत एक विद्यार्थिनी पेटीसमोर बसून कबुतराला गिरकी शिकवत होती. बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. कबुतरानं मान वळवली, खटका वाजला, दाणे पडले. पुन्हा मान, पुन्हा खटका. आणि पेटीच्या काचेत बाईंना स्वतःचा चेहरा दिसला. प्रत्येक खटक्याला त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, अगदी बारीक, आणि लगेच मावळत होतं.

बाई स्टुलावर बसल्या.

गोटी वाजली तेव्हा खारू काय करत होती, हे त्यांना प्रत्येक वेळचं तोंडपाठ होतं. आपण स्वतः काय करत होतो, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पेटीतल्या जनावराकडे बघायची सवय. पेटीबाहेरच्या माणसाकडे कोण बघतं?

आता त्यांनी पाहिलं. पहिल्यांदा त्या दारातून मागे वळल्या होत्या. मग खुर्ची मागे घेतली होती. मग खारूला एकटी ठेवून जिना उतरल्या होत्या. काल हात सोडला होता. आधी मान, मग तोंड, मग पाऊल. दर वेळी थोडं जास्त, आणि दर वेळी मुलीपासून लांब. शिकवणी पोरीची नव्हतीच. तिला तिकडे जाऊ द्यायला कुणीतरी तिच्या आईला शिकवत होतं.

आणि आज? आज त्या इथे होत्या. मग खारू कुठे होती?

बाईंनी फोन लावला. "ताई, खारू तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कुठली? मी डोळे तपासायला आलेय दवाखान्यात. तू रजेवर आहेस ना? का गं, काय झालं? वहिनी?"

मग बाईंना आठवलं. दार ओढून घेताना खारू पलीकडे उभी होती. "आई, मी पण," असं म्हणत होती. आणि दार लागलं तेव्हा टण् वाजलं होतं, आजवर वाजलं नव्हतं इतकं जवळ, थेट कानाशी. आणि त्या जिना उतरल्या होत्या, गुणगुणत.

६

घर उघडलं तेव्हा दुपारचं स्वच्छ ऊन फरशीवर पडलं होतं. फळीवर बरणीच्या जागी धुळीत एक गोल उमटलेला होता. बोळातली खुर्ची तशीच. बाई ती ढकलून मागच्या खोलीच्या दारात आल्या.

खारू पाठमोरी उभी होती, कपाटाच्या तोंडाशी. दार सताड उघडं होतं आणि आत नुसता काळोख होता. खारूचा डावा हात वर होता. बाईंचा हात धरताना तिचं कोपर वाकलेलं असायचं. आता हात कानाजवळून सरळ वर ताणला गेला होता आणि टाचा किंचित उचललेल्या होत्या. मूठ आवळलेली. मुठीत पोकळी होती, दोन बोटं मावतील एवढी. बोटं दिसत नव्हती. पण पोकळीच्या कडेनं खारूची कातडी दबून पांढरी पडली होती.

"आई, आलीस?" खारू न वळता म्हणाली. "मी अजिबात रडले नाही."

बाईंनी पाऊल पुढे टाकलं.

काहीच वाजलं नाही. कालच्यासारखीच शांतता, पण आता ती खोलीभर भरलेली. ती छातीवर चढून बसली, कानात दाटली. पाय शिशाचा झाला. माझी पोर आहे, बाई मनात ओरडल्या, माझी पोर आहे ती. पाऊल केसभर मागे आलं.

टण्.

ओलसर मायेनं कुणी पाठीवरून हात फिरवावा, तसं वाटलं. बाईंना रडू फुटलं.

"आई," खारूचा आवाज आता बारीक झाला होता. "सोडू का हात?"

दोनच शब्द बोलायचे होते. 'सोड बघू' म्हटलं की खारू हात सोडायची. तिला तसं शिकवलेलंच होतं, किती मेहनतीनं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ती सोडणार नव्हती. ती शहाण्यासारखी, पाठमोरी, आईच्या शब्दाची वाट बघत होती. बाईंनी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली.

खोलीनं श्वास रोखून धरला.

बाईंचे ओठ मिटले.

टण्.

"आई? सोडू ना?"

बाईंची मान डावीकडे वळली, एवढीशी. टण्. त्यांना सगळं कळत होतं. कुठली पायरी चाललीय आणि पुढची कुठली, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं असतं. कळल्यानं काही थांबत नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. खांदा वळला. टण्. पाऊल उचललं. टण्. भिंत दिसली, मग बोळ, मग बोळातली खुर्ची. पाठीमागून "आई" अशी हाक आली, मग आणखी एक, लांबून, मधे बरेच कपडे टांगलेले असावेत तशी. कपाट तर रिकामं होतं. बाईंचे गाल भिजले होते आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, की आयुष्यात कधी वाटलं नसेल.

गिरकी पूर्ण झाली तेव्हा खोली पुन्हा समोर होती. खेळणी होती, गादी होती. आणि कधीच न लागणारं कपाटाचं ते फुगलेलं दार व्यवस्थित लागलं होतं.

बाई ऐकत उभ्या राहिल्या. खूप वेळ. आता काहीच वाजत नव्हतं.

मग त्यांनी पुन्हा मान डावीकडे वळवली.